देसाईबाईंचा आवाज

बातमी आली ती शाळेच्या ग्रुपवर, सकाळी, मी डबा भरत असताना. मोबाईल थरथरला म्हणून पाहिले, तर देसाईबाईंचा फोटो होता आणि त्याखाली ते दोन शब्द, जे आपण सगळेच एकमेकांना इतक्या सहजपणे पाठवत असतो. क्षणभर वाटले, कुणाच्या तरी हातून चुकून आले असेल. आमच्या ग्रुपवर अशा चुका होतात. निवृत्तीच्या निरोपाखाली वाढदिवसाचा केक येतो. मग मी त्या फोटोकडेच पाहत राहिले. तो मी काढलेला होता. संगणक कक्षाच्या दारात त्यांना उभे करून, प्रोफाईल फोटो कसा लावायचा हे आम्ही शिकत होतो तेव्हाचा. कडा कशा कापायच्या ते दोघींनाही नीट जमले नव्हते, त्यामुळे त्यांच्या खांद्यालगत दाराचा कोयंडा अर्धवट राहिला होता. पदराच्या काठावर खडूची पूड होती. ती झटका म्हटले तर म्हणाल्या होत्या, "राहू दे की ओ. खडू न्हाय तर मास्तरीण कसली?" त्याच फोटोला कुणीतरी हार चढवला होता, मोबाईलमध्ये तयार मिळतो तसला, पिवळा-केशरी. हाराच्या कडेला कोयंडा तसाच दिसत होता...

त्याला आता काही आठवडे झाले. झोपेतच गेल्या, असे सांगतात. आदल्या शनिवारी आम्ही नेहमीप्रमाणे संगणक कक्षात होतो. शाळा सुटल्यावर त्यांनी प्रत्येक संगणक क्रमाने बंद केला, आपल्या लॅपटॉपमधली आठवड्याची सगळी टाकाऊ सामग्री पुसली, रिसायकल बिन रिकामी केली आणि हात झटकून म्हणाल्या, "चला. फळा कोरा." हे त्या दर शनिवारी म्हणत. त्यामुळे त्या दिवशी त्यात काही वेगळे होते असे मी म्हणणार नाही. माणूस गेल्यावर त्याच्या शेवटच्या वाक्यात अर्थ शोधायचा मोह होतो; देसाईबाईंना तो आवडला नसता.

मी लिहिणारी नव्हे. संस्कृत शिकवते, आणि आयुष्यभर इतरांनी लिहिलेलेच पाठ करत आले. कांबळेबाई संस्कृतला आहेत, असे कुणाला सांगितले की ऐकणारा अर्धा क्षण थांबतो आणि मग "वा, वा" म्हणतो. त्या अर्ध्या क्षणाची सवय होता होता मी कमी बोलू लागले असेन. वडिलांनी पाली शिकण्यासाठी म्हणून संस्कृतचा रस्ता दाखवला, मी त्याच रस्त्यावर राहिले, पदव्या मिळवल्या; पण शिक्षकांच्या बैठकीत हात वर करण्याचे धैर्य काही मिळवता आले नाही. देसाईबाई गणिताच्या. माहेर-सासर दोन्ही आजऱ्याकडचे, आवाज असा की तळमजल्यावरच्या वर्गात त्या त्रिकोण काढू लागल्या की वरच्या मजल्यावर माझी सुभाषिते अडखळत. मुले हसत. मी खिडकी लावून घेई. अनेक वर्षे आमचा संबंध एवढाच होता, एका बंद खिडकीचा.

पुढे शाळेतले संगणक शिक्षक दुसरीकडे गेले आणि त्यांची जागा भरली गेली नाही. संगणक कक्ष कुलूपबंद झाला. मुख्याध्यापकांनी बैठकीत विचारले, "कोण घेतंय जबाबदारी?" तरुण शिक्षक टेबलाखाली मोबाईल चाळत होते, त्यांना सगळे येत होते, म्हणून कुणीच तयार नव्हते. तेव्हा मागून आवाज आला, "द्या किल्ली इकडं. मी आनि कांबळेबाई बघतो." मी दचकून मागे पाहिले. मला कुणी विचारले नव्हते. बैठकीनंतर मी हळूच म्हणाले की मला यातले काहीच येत नाही. त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. "मला तरी कुठं येतंय? पर मी एकटी चुकले तर लोक हसतील. तुम्ही संगट असला तर म्हणतील, एवढ्या शिकल्यासवरल्या बाई चुकल्या, म्हंजे अवघडच असंल." निवृत्तीला फारशी वर्षे उरली नसताना आम्ही दोघी अशा रीतीने विद्यार्थिनी झालो.

त्या खोलीचे पहिले दर्शन मला अजून आठवते. संगणकांवर घातलेली कापडी झाकणे कुरतडलेली, एका पडद्यामागे पालीची अंडी, पंख्यांच्या जाळीत धुळीची लोकर. शासकीय प्रशिक्षणात आम्हाला सादरीकरण कसे करावे हे शिकवले होते. संगणक सुरूच झाला नाही तर काय करावे, हे कुणी सांगितले नव्हते. एक संगणक चालू केला की नुसता तुटक शिट्ट्या मारी आणि पडदा काळाच राही. मी मोबाईलवर शोधून वाचून काढले: आतल्या रॅमच्या पट्टीवरची सोनेरी टोके मळली असतील, तर पट्टी काढून ती टोके खोडरबराने हलकेच घासावीत. वाचून मी मोबाईल खाली ठेवला. एखाद्या यंत्राचे पोट उघडणे मला शस्त्रक्रियेइतके भयंकर वाटत होते. देसाईबाईंनी विजेची वायर काढली, स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि झाकण उघडलेसुद्धा. "वाचा मोठ्यानं," म्हणाल्या. मी वाचत गेले, त्या करत गेल्या. मध्येच थांबून म्हणाल्या, "मोठ्यानं म्हनले की ओ. कुनाच्या कानात सांगालाय काय?" पाचवीच्या वर्गात सापडलेल्या, कोपरे कुरतडलेल्या एका खोडरबराने त्यांनी ती टोके घासली, फुंकर घालू नका असे लिहिले होते म्हणून मोठ्या कष्टाने फुंकर आवरली, आणि पट्टी परत बसवली. संगणक सुरू झाला. पडद्यावर प्रकाश आला तेव्हा आम्ही दोघींनी एकमेकींचे हात धरले होते हे माझ्या नंतर लक्षात आले. "बघा," त्या म्हणाल्या, "शाळंत शेवटी खोडरबरच कामाला येतो."

त्यानंतर शनिवार ठरून गेला. शाळा सुटली की चहा, भडंगाची पुडी आणि संगणक. भडंग कीबोर्डजवळ नको, असे मी सुचवून पाहिले, पण माझे सुचवणे त्यांच्यापर्यंत पोहोचेपर्यंत पुडी सुटलेली असे. एकदा एका संगणकावर 'क' उमटेना. बटण उचकटून पाहिले तर खाली शेंगदाण्याचे साल. "ह्याला व्हायरस म्हनायचं का नाष्टा?" असे त्यांनी मला गंभीरपणे विचारले, आणि माझ्या हातातला चहा हिंदकळला. मऊ ब्रशने जाळ्या झाडायच्या, पडदा कोरड्या कापडाने पुसायचा, अद्ययावत करण्याच्या सूचना टाळायच्या नाहीत, छपाई यंत्रात अडकलेला कागद ओढायचा नाही, पासवर्ड भिंतीवर चिकटवायचा नाही... हे सगळे आम्ही चुकत, भांडत, हळूहळू शिकलो. तरुण सहकारी दारातून डोकावून "काय, इंजिनीअरबाई!" म्हणत. मी संकोचाने वळून पाहत नसे. त्या म्हणत, "या की आत. झाडू हितं हाय."

त्यांची एक सवय सांगितल्याशिवाय पुढचे काही समजणार नाही. तास संपला की त्या फळा स्वतः पुसत. मुलांना पुसू देत नसत. डस्टर वरच्या डाव्या कोपऱ्यात टेकवायचे आणि वरून खाली, वरून खाली, ओळीने, एक रेघही राहू न देता. पुढच्या तासाचा शिक्षक दारात उभा राहिला तरी पुसणे पुरे झाल्याशिवाय त्या हलत नसत. "म्होरच्याला कोरा फळा मिळाला पायजे. आपलं राहिलेलं त्यानं का पुसावं?" संगणक शिकल्यावर ही सवय त्यांनी जशीच्या तशी तिकडे नेली. काम झाले की फाईल पुसली. मोबाईलवरचे संदेश ठरावीक काळाने आपोआप नाहीसे होण्याची सोय त्यांना सापडली तेव्हा तर त्या लहान मुलीसारख्या हरखल्या. "ओ बाई, फळा आपला आपन पुसतोय बघा!" आमच्या दोघींच्या संवादालाही त्यांनी ती सोय लावून टाकली.

माझा स्वभाव अगदी उलटा. मी साठवणारी. महत्त्वाची गोष्ट तीन ठिकाणी असावी, हा नियम मी कुठेतरी वाचला होता आणि तो मला संगणकाच्या सगळ्या ज्ञानात सर्वांत आश्वासक वाटला होता. शाळेच्या संगणकांचा बॅकअप माझ्याकडे होता आणि तो मी व्रतासारखा घेत असे. त्यावरून त्या मला चिडवत. "तुमी संस्कृतवाल्या. हजारो वर्सांचं पाठ करून ठेवता. आमचं तसं न्हाय. उत्तर आलं, ताळा जुळला, पुसायचं." मी एकदा म्हणाले की उत्तर कसे आले हे पुन्हा पाहावेसे वाटले तर? "तर पुन्ना सोडवायचं की. सोडवनारं माणूस हाय न्हवं?"

मी माझा बॅकअप घेत राहिले.

जिल्ह्यातल्या गणिताच्या शिक्षकांना ऑनलाईन एकत्र आणायची कल्पना त्यांचीच. हातकणंगल्यापासून गगनबावड्यापर्यंत ज्यांचे ज्यांचे क्रमांक मिळाले त्यांना त्यांनी स्वतः फोन केले. ओळख नसली तरी त्यांचे अडत नसे, "मी कोल्हापुरातनं देसाईबाई बोलतीया, वर्तूळ कसं शिकवता तुमी?" अशी त्यांची सुरुवात. मी मात्र एखाद्या अनोळखी माणसाला विनंती पाठवायची असली तर बटणावर बोट ठेवून बसून राही. ते पाहून त्यांनी माझ्यासाठी एक काम शोधले. ऑनलाईन बैठकीला येणाऱ्यांना आत घेण्याचे काम. "तुमी दार उघडायचं, मी बोलायचं. बरोबर हाय?" गणिताचे ओ की ठो न कळणारी मी अशी त्या ग्रुपची द्वारपाल झाले. ग्रुपवर मी कधी एक अक्षर लिहिले नाही. त्या अधूनमधून टोकत, "लिवा की ओ काहीतरी. लोकांना वाटतंय दार मशीन उघडतंय."

पहिल्या ऑनलाईन पाठाचा दिवस ऐन पावसाळ्यातला होता. विषय होता वर्तुळाची स्पर्शिका. देसाईबाईंनी आदल्या दिवशी ग्रुपवर सूचना टाकली: सर्वांनी आपापला माईक बंद ठेवावा, पाठ चालू असताना मध्ये कुणीही बोलू नये. संगणक कक्षात फळ्यासमोर त्यांचा लॅपटॉप मांडला. दोन यंत्रे एका खोलीत असली की आवाज घुमतो हे आम्हाला अनुभवाने कळले होते, म्हणून मी शेजारच्या खोलीत, माझ्या संगणकाचा आवाज पूर्ण बंद करून, दार उघडायला बसले. मध्ये फळकुटाची भिंत. पलीकडून त्यांचा पाठ मला शब्दन् शब्द ऐकू येत होता. "स्पर्शिका म्हंजे कोन? पावणं! दारात येतंय, एका जागी टेकतंय, आनि सरळ निघून जातंय. चा घ्या म्हटलं, आत या म्हटलं, येत न्हाय. आत आलं की ते पावणं न्हाय, ती छेदिका!" भिंतीच्या अलीकडे मी एकटीच हसत होते. गणित मला पहिल्यांदाच समजत होते.

पाठ संपला, त्यांनी फळा पुसला, आणि घाम टिपत माझ्याकडे आल्या. "कसं झालं?" मी म्हणाले, फारच सुंदर. तेवढ्यात ग्रुपवर एकापाठोपाठ एक संदेश येऊ लागले. बाई, आवाज आला नाही. मॅडम, सुरुवातीपासूनच आवाज नव्हता. त्यांचा स्वतःचाच माईक बंद राहिला होता. सर्वांना सूचना देणाऱ्या बाईंनी तीच सूचना स्वतःही पाळली होती. आणि सगळे शिक्षक, मध्ये बोलू नये असे बाईंनी बजावले आहे म्हणून, तासभर शिस्तीत त्यांचे हलणारे ओठ पाहत बसले होते. काहींनी बैठकीच्या खिडकीत लिहून कळवलेही होते म्हणे. पण ते लिहिलेले कुठे उघडते, हे आम्हा दोघींना तेव्हा ठाऊक नव्हते. देसाईबाई खाली बसल्या. मला वाटले आता रडतील. त्या हसायला लागल्या, आणि मग दोघींना थांबवता येईना. "तरी म्या माईक कशाला बघू? माझा आवाज कोल्हापूरभर गेला की! नुसता नेटवर गेला न्हाय."

पुढच्या आठवड्यात त्यांनी तोच पाठ पुन्हा घेतला, माईक तपासून, आणि तो उत्तम झाला. त्याचे ध्वनिचित्रमुद्रण त्यांच्या लॅपटॉपवर उतरले. त्यांनी ते एकदा पाहिले, "असा आवाज हाय व्हय माजा? लोक सहन कसे करत्यात?" म्हणाल्या, आणि त्या शनिवारी पुसून टाकले.

त्यांच्या यजमानांना मी दाजी म्हणते. ते त्यांनीच ठरवून दिले होते, "ही तुमाला बहिणीवानी धरती, तवा मी दाजी." आजऱ्याला भातशेती, कोल्हापुरात लहानसे घर, मूलबाळ नाही. मोबाईल साधा, बटणांचा. दिवसकार्य उरकल्यावर एका दुपारी ते शाळेत आले. हातात पिशवी, पिशवीत टॉवेलात गुंडाळलेला देसाईबाईंचा लॅपटॉप. शिक्षक खोलीत ते बसले नाहीत. सरळ संगणक कक्षाच्या दारात येऊन उभे राहिले, ज्या दारात तो फोटो काढला होता.

"बाई, ह्यात तिचा आवाज आसंल," ते म्हणाले. "काडून द्या."

त्या दर शनिवारी सगळे पुसत, हे मला ठाऊक होते.

"घर लई गप झालंय ओ," ते म्हणाले. "भांडी पडली तरी आवाज हुईत न्हाय असं वाटतंय. पुतण्याच्या लग्नाची फिल्म लावून बघितली. हाय ती, दिसती. पर वर बँड वाजतोय. एक शबूद ऐकाय मिळंना." मग पिशवी माझ्याकडे सरकवून म्हणाले, "ती म्हनायची, कांबळेबाईंकडं समदं असतंय. त्या काय टाकत न्हाईत."

मी लॅपटॉप उघडला. पासवर्ड मला माहीत होता, दोघींनी मिळून ठरवला होता. पडद्यावर एकही फाईल नव्हती. कागदपत्रांची जागा रिकामी, चित्रांची रिकामी, चित्रफितींची रिकामी, रिसायकल बिन रिकामी. इतका स्वच्छ, इतका निरोगी संगणक मी दुसरा पाहिला नाही. आम्ही जे जे शिकलो होतो ते सगळे त्यांनी तिथे निष्ठेने केले होते. पुसलेले परत आणणारी काही साधने असतात, तीही मी चालवून पाहिली. फाईलींची नावे मिळाली, काही चित्रांचे तुकडे मिळाले, आवाज मिळाला नाही. माझ्या मोबाईलवरचा आमचा संवाद त्या आपोआप पुसणाऱ्या सोयीने कधीच गिळला होता. शाळेच्या बॅकअपमध्ये निकालपत्रके होती, वेळापत्रके होती, माझ्या सुभाषितांचे पाठ होते... माझा आवाज तिथे भरपूर होता, अगदी ऐकू येईल न येईल असा.

तेव्हा मी ते केले जे त्या मला सतत सांगत होत्या. गणिताच्या ग्रुपवर लिहिले. एक परिच्छेद लिहायला मला अख्खा रविवार लागला. कै. देसाईबाईंच्या स्पर्शिकेच्या पाठाचे ध्वनिमुद्रण कुणी जपून ठेवले असल्यास कृपया कळवावे, त्यांच्या कुटुंबीयांना ते हवे आहे. पाठवण्याच्या बटणावर बोट ठेवून मी बसून राहिले, आणि त्यांचा आवाज नसलेल्या माझ्या खोलीत मी मलाच म्हणताना ऐकले, "लिवा की ओ." मग बटण दाबले.

जोडलेले हात आले. पुष्कळ आले. विनम्र अभिवादन आले, पणत्या आल्या, देवळातल्या समया आल्या. त्यांच्यामधूनच कुणीतरी दुसऱ्या दिवशी सुप्रभातचे गुलाब पाठवले, त्यावर कुणी अंगठा उंचावला, आणि माझा परिच्छेद वर सरकत दिसेनासा झाला. मी तो पुन्हा पाठवला. पुन्हा हात जोडले गेले. इतक्या माणसांना त्यांनी एकेक फोन करून जोडले होते. ती जोडलेली माणसे आता हात जोडत होती, आणि त्यांच्यापैकी एकाकडेही त्यांचा आवाज नव्हता. यंत्राने माणसे जवळ येतात असे आम्हाला प्रशिक्षणात सांगितले होते. येतातही असतील...

पुढच्या आठवड्यात एका शिक्षकांचा फोन आला. गगनबावड्याच्या बाजूच्या एका शाळेत ते आहेत. माझ्यासारखेच अडखळत बोलत होते. म्हणाले, त्यांच्याकडे नेट सारखे जाते, म्हणून जे काही दिसेल ते मोबाईलच्या पडद्यावरून मुद्रित करून ठेवायची त्यांना सवय आहे. बाईंचा पाठ त्यांच्याकडे आहे. "पूर्ण आहे, बाई. फक्त आवाजाची जरा गडबड आहे. बघा तुम्हाला चालतंय का." मी त्यांचे आभार मानले, बहुधा गरजेपेक्षा जास्त मोठ्याने, कारण शिक्षक खोलीतल्यांनी माना वर केल्या. आणि मी दाजींना फोन करून सांगितले, मिळाला. एवढे शहाणपण शिकूनही, उघडून पाहायच्या आधी सांगितले.

संध्याकाळी मी बाईंचा लॅपटॉप घेऊन त्यांच्या घरी गेले. दाजींनी लॅपटॉप जेवणाच्या पाटावर ठेवला, स्वतः भिंतीला टेकून बसले, आणि अंगावर धुतलेला सदरा होता हे मला आता आठवते. मी फाईल उघडली. देसाईबाई दिसल्या. मागे आमचा फळा, हातात खडू, अंगावर हिरवे इरकल. आणि आवाज आला. सलग, जाड, सगळी खोली भरून टाकणारा. दाजी पुढे सरकले. मलाही क्षणभर कळले नाही. मग कळले. तो पाऊस होता. गगनबावड्याच्या त्या शिक्षकांच्या पत्र्यावर पडणारा. मोबाईलने बाईंचे चित्र घेतले होते आणि आवाज आपल्या खोलीतला घेतला होता. हा पहिलाच पाठ होता, माईक बंद राहिलेला. दुसऱ्या पाठाच्या दिवशी त्यांच्याकडे वीज नव्हती, हे मला नंतर विचारल्यावर समजले.

"आवाज वाडवा की, बाई," दाजी म्हणाले.

मी वाढवला. पाऊस वाढला.

"ह्यो कसला आवाज?"

"पावसाचा, दाजी. गगनबावड्याचा."

"आनि तिचा?"

मी सांगितले. माईक, सूचना, शिस्तीत गप्प बसलेले शिक्षक, सगळे सांगितले. ज्या गोष्टीवर आम्ही दोघी पोट धरून हसलो होतो ती मी त्यांना खाली मान घालून सांगत होते. त्यांनी पूर्ण ऐकले. मग पडद्याकडे बोट दाखवून म्हणाले, "पर ती बोलतीया की! बघा. केवडा आ करून बोलतीया. येवडा मोठा आवाज, आनि त्यात बसला न्हाय?"

पडद्यावर त्यांनी वर्तूळ काढले, त्याला टेकून एक रेघ ओढली, आणि आमच्याकडे वळल्या. हे वाक्य मला पाठ होते. फळकुटाच्या भिंतीपलीकडून मी ते ऐकले होते. या जगात त्या दिवशी ते ऐकणारी मी एकटीच होते. काहीतरी करायला हवे असे वाटून मी ओठांबरोबर म्हणू लागले, "स्पर्शिका म्हंजे कोन? पावणं. दारात येतंय, एका जागी टेकतंय..." शब्द सगळे बरोबर होते. पाठांतर ही माझी एकच विद्या, तिने दगा दिला नाही. पण माझ्या तोंडी ते श्लोकासारखे निघत होते, सावकाश, तोललेले, प्रत्येक अक्षराला जपून. पावसाखाली ते मलाही जेमतेम ऐकू आले. दाजी ऐकत होते. छेदिकेपर्यंत आले तेव्हा त्यांनी हात वर केला, रागाने नव्हे.

"असंच म्हनायची," ते म्हणाले. "आसू दे, बाई. तुमी हळू म्हनता."

त्यानंतर मी ती चित्रफीत नियमाप्रमाणे तीन ठिकाणी ठेवली. एक शाळेच्या संगणकात, एक पेनड्राइव्हवर, एक ऑनलाईन, जिथे म्हणे काहीच नष्ट होत नाही. तिन्ही ठिकाणी त्या तळमळून शिकवत आहेत आणि तिन्ही ठिकाणी पाऊस पडतो आहे. मला जे काही सांभाळता येते ते मी सांभाळले आहे. जे सांभाळायला हवे होते ते यात नाही, आणि ते आता सोडवून दाखवणारे माणूसही नाही.

शनिवारी आता संगणक कक्ष मी एकटी झाडते. तिथून निघून दाजींकडे जाते. त्यांना लॅपटॉप उघडता येत नाही असे नाही, मी दोनदा शिकवले आहे. पण ते माझी वाट पाहतात. मी पडदा कोरड्या कापडाने पुसते, जाळीतली धूळ ब्रशने काढते, मग ते म्हणतात, "लावा." तासभर आम्ही दोघे पावसात बसून त्यांचे हलणारे ओठ पाहतो. मी आता मध्ये बोलत नाही. शेवटी त्या खडू ठेवतात, हात झटकतात, डस्टर उचलतात आणि आमच्याकडे पाठ करून फळ्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्याशी जातात. दाजी दर वेळी पुढे वाकतात. दर वेळी म्हणतात, "अगं, थांब की जरा." त्या थांबत नाहीत. वरून खाली, वरून खाली, ओळीने, वर्तूळ जाते, रेघ जाते, रेघ जिथे टेकली होती तो बिंदू जातो...